गाडी उभी राहिली की बॅटरी बसते: करंट कोण खातंय ते शोधायचं कसं

गाडी चालवली की सगळं ठीक. दोन-तीन दिवस उभी ठेवली की चावी फिरवल्यावर नुसतं टकटक. जंपर लावला की लगेच सुरू होते, दिवसभर काही तक्रार नाही, आणि पुन्हा उभी राहिली की तेच रडगाणं. यावर सर्रास सुचवला जाणारा पहिला उपाय म्हणजे नवी बॅटरी. ती काही दिवस निभावून नेते, कारण तिच्यात साठा जास्त असतो, आणि मग तीही बसायला लागते. दुसरा उपाय म्हणजे फ्यूज बॉक्स उघडून एकेक फ्यूज उपसत सुटणं. दोन्हींत एकच गोष्ट राहून जाते: उभ्या गाडीत करंट नेमका किती जातोय, हे कोणी मोजलेलंच नसतं.

फ्यूजला हात लावण्याआधी तो आकडा हवा. ०.१५ अँपिअर खाणारी वस्तू वेगळी, ०.४ खाणारी वेगळी आणि ३.५ खाणारी वेगळी. आकडा नीट मिळाला की संशयितांची यादी आपोआप लहान होते.

मीटर (व्होल्टेज आणि करंट मोजणारा मल्टिमीटर) हातात नसतानाही ढोबळ अंदाज बांधता येतो. एक अँपिअर तासभर गेला की एक अँपिअर-अवर खर्च होतो. ४५ अँपिअर-अवरची बॅटरी निम्म्यापेक्षा फार खाली गेली की स्टार्टर फिरवताना दमते. म्हणजे खर्चायला साधारण २० अँपिअर-अवर मोकळे. आता हिशेब सोपा आहे. गाडी दोन दिवसांत बसत असेल तर दिवसाला १० अँपिअर-अवर जातायत, म्हणजे सतत सुमारे ०.४ अँपिअर. पाच वॉटचा एक बल्ब १२ व्होल्टवर नेमका तेवढाच करंट घेतो, त्यामुळे डिकीतला किंवा ग्लव्ह बॉक्समधला दिवा पहिल्यांदा नजरेसमोर येतो. रात्री लावलेली गाडी सकाळी मेलेली असेल तर तीन-चार अँपिअरची भानगड आहे. मागचे दोन ब्रेक लाइट, प्रत्येकी २१ वॉटचे, पेटलेले राहिले तर साडेतीन अँपिअर होतात. आणि तीन आठवड्यांनी बसत असेल तर गळती नसेलही, कारण ४० मिलिअँपिअर (०.०४ अँपिअर) बहुतेक गाड्या नियमाने खातातच. अर्थात बॅटरी म्हातारी असेल तर वीसच्या जागी आठ-दहा अँपिअर-अवरच उरलेले असतात आणि हा सगळा हिशेब फसतो. म्हणून आधी बॅटरीकडे बघायचं.

बॅटरी दोषी आहे की गाडी

यासाठी एक चाचणी आहे, तिला रात्र लागते पण डोकं लागत नाही. बॅटरी चार्जरवर पूर्ण चार्ज करा. गाडी फिरवून आणली म्हणजे बॅटरी भरली असं नाही. पार खाली गेलेली बॅटरी तासाभराच्या फेरीत भरत नाही. चार्जर काढल्यावर तीन-चार तास तिला तशीच राहू द्या, कारण चार्जिंगनंतर लगेच दिसणारे १३ व्होल्ट वरवरचे असतात. मग मोजा. साध्या लेड-ॲसिड बॅटरीला १२.६ ते १२.७ व्होल्ट यायला हवेत. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. एजीएम बॅटरी (काचेच्या तंतूंच्या थरात ॲसिड शोषून ठेवणारी) थोडं जास्त दाखवते.

आता निगेटिव्हचा लग, म्हणजे टर्मिनलला धरणारं केबलचं धातूचं टोक, सोडवून बाजूला करा, तो परत टर्मिनलला टेकणार नाही असा कपडा गुंडाळा, आणि रात्रभर सोडून द्या. सकाळी व्होल्टेज जागेवर असेल तर बॅटरी साठा धरून ठेवते आहे आणि करंट गाडी खाते आहे. लग सोडलेला असूनही १२.३ वर आली असेल तर आतला एखादा सेल गेलेला आहे. गाडीत काही शोधायची गरजच नाही. या चाचणीला एक मर्यादा आहे: बॅटरी व्होल्टेज धरून ठेवूनही जोर लावायच्या वेळी माघार घेऊ शकते. त्यासाठी लग परत लावून स्टार्टर फिरत असताना व्होल्टेज बघा. ते ९.६ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी बदलायच्या लायकीची झाली, गळती असो वा नसो.

चार्जिंगही याच वेळी बघून घ्या. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.७ व्होल्ट यावेत. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर अल्टरनेटरला (इंजिनवर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनरेटरला) हवं तसं वरखाली करतो, त्यामुळे तिथे एखाद्या क्षणी १२.८ दिसले म्हणून घाबरून जाऊ नका. दिवे लावून, एसी लावून, थोडं रेस करून पाहा. शिवाय रोजची धाव जेमतेम दहा मिनिटांची असेल तर स्टार्टरने घेतलेलं परत भरतच नाही. अशा गाडीत गळती शोधणं म्हणजे नसलेला आजार शोधणं.

एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट: बॅटरीचं झाकण. वर ओलसर काळी धूळ आणि ॲसिडचा थर जमला असेल तर त्यातूनच दोन्ही टर्मिनलमध्ये बारीक करंट वाहतो. मीटरची काळी पिन निगेटिव्हवर आणि लाल पिन चक्क प्लास्टिकवर टेकवा. एखादा व्होल्ट दिसला तर झाकण खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून कोरडं करा. पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका.

मीटर लावण्याची रीत

करंट मोजायला मीटर निगेटिव्ह टर्मिनल आणि निगेटिव्ह केबल यांच्या मधोमध, म्हणजे सिरीजमध्ये लागतो. लाल वायर मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात घाला. मिलिअँपिअरच्या भोकाचा मोह नको. दार उघडताच किंवा एखादा मॉड्यूल (गाडीतला छोटा कॉम्प्युटर) जागा होताच मीटरमधला त्या भोकाचा बारीक फ्यूज उडतो, आणि मग मीटर शून्य दाखवत राहतो नि आपण खूश होतो की गळती गेली. काम झालं की लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत. १० अँपिअरच्या भोकात वायर ठेवून व्होल्टेज मोजायला गेलात तर तो थेट शॉर्ट असतो.

मीटर सिरीजमध्ये असताना स्टार्टर मारायचा नाही, हेडलाइट लावायचे नाहीत, इग्निशनही ऑन करायचं नाही. स्टार्टर शंभर-दोनशे अँपिअर मागतो. १० अँपिअरचा मीटर तिथे क्षणभरही टिकणार नाही. हातात अंगठी किंवा कडं असेल तर काढून ठेवा. नुकतीच चार्ज केलेली बॅटरी हायड्रोजन सोडते, तेव्हा तिच्या तोंडाशी ठिणगी नको.

गळती मोठी असल्याचा संशय असेल तर मीटरच्या आधी जुनी, खात्रीची युक्ती वापरा: दोन वायर जोडलेला १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब केबल आणि टर्मिनलच्या मध्ये लावा. लावल्याक्षणी गाडीतले मॉड्यूल जागे होतात म्हणून तो थोडा वेळ उजळेल. मग मंदावत गेला तर मीटर लावायला हरकत नाही. पण लखलखीतच राहिला तर अँपिअरमध्ये करंट जातोय. अशा वेळी मीटर बाजूला ठेवून आधी गाडीभोवती फेरी मारा, काही ना काही पेटलेलं दिसेलच. बारीक गळतीला मात्र हा बल्ब दाद देत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. केबल काढून मग मीटर लावला तर मधल्या क्षणात गाडीची वीज तुटते, मीटर लागताच सगळे मॉड्यूल नव्याने जागे होतात, आणि काही वेळा ज्या मॉड्यूलमुळे त्रास होता तोच रीसेट होऊन शहाण्यासारखा वागायला लागतो. दोष पळून जातो आणि आठवड्याने परत येतो. म्हणून वीज तुटू न देता मीटर मध्ये घालायचा. निगेटिव्हचा नट ढिला करा पण लग काढू नका. मीटरची एक क्लिप बॅटरीच्या खांबाच्या बुडाशी, दुसरी केबलच्या लगवर. मीटर चालू. मग लग हळूच गोल फिरवत वर उचला. खांबाला तो टेकलेला असतो तोवर करंट तिथून जातो. सुटताक्षणी मीटरमधून जायला लागतो. क्लिप घट्ट हव्यात, हाताने पिना धरून हे होत नाही.

हे करण्याआधी गाडीला फसवायचंही असतं, कारण बॉनेट आणि एखादं दार आपल्याला उघडं हवं असतं आणि गाडीला ते बंद वाटायला हवं. दाराच्या कडेच्या कुलपाची जी जीभ असते ती स्क्रूड्रायव्हरने दाबून लॉकच्या स्थितीत बसवा. दोन टप्प्यांत कट-कट वाजते. बॉनेटच्या लॅचमध्ये स्विच असेल तर तिथेही तेच. आतला दिवा मावळला की समजायचं जमलं. दार लावण्याआधी हँडल ओढून ती जीभ परत मोकळी करायला विसरू नका, नाहीतर दार लॅचवर आदळून वाकतं. गाडी रिमोटने लॉक करा आणि चावी लांब नेऊन ठेवा. कीलेस गाडीची चावी खिशात ठेवून जवळ उभं राहिलात तर गाडी झोपणारच नाही.

हे उद्योग नको असतील तर डीसी, म्हणजे बॅटरीचा एकाच दिशेने जाणारा करंट, मोजणारा क्लॅम्प मीटर घ्या. तो केबलभोवती नुसता अडकवायचा, काही सोडवायला लागत नाही. फक्त तो डीसीचा असल्याची खात्री करा. बरेच क्लॅम्प मीटर फक्त एसी, म्हणजे घरातल्या विजेसारखा दिशा बदलणारा करंट, मोजतात. शिवाय १०-२० मिलिअँपिअरपर्यंत बारकाईने वाचणारा हवा, आणि अडकवण्याआधी ज्या जागी नि ज्या कोनात मोजायचं तिथेच शून्य करून घ्यायचा.

थांबा

आता काहीही करायचं नाही. इथेच बहुतेकांचा संयम सुटतो. गाडी लॉक केल्यावर पहिल्या मिनिटात मीटर दोन-तीन अँपिअर दाखवेल. मग दिवे मावळले की १ च्या आसपास, मग ०.६, ०.३ असे पायरीपायरीने आकडे खाली येतात. प्रत्येक पायरी म्हणजे एकेक मॉड्यूल झोपी गेलेला. साध्या गाडीत हे पाच-दहा मिनिटांत संपतं, इलेक्ट्रॉनिक्सने भरलेल्या गाडीत अर्धा-पाऊण तास लागतो, काहींत त्याहून जास्त. पंधराव्या मिनिटाला ०.३ अँपिअर बघून आरडाओरडा करण्यात अर्थ नाही. बऱ्याच मीटरना आपोआप बंद व्हायची खोड असते. ती सुविधा आधी बंद करा, नाहीतर नेमक्या वेळी स्क्रीन कोरी दिसेल.

शेवटी जो आकडा स्थिरावतो तो आपला. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक; साध्या जुन्या गाडीत वीस-तीसच्या आत असावा. मधेच एखाद्या सेकंदाला ५-१० मिलिअँपिअरची उडी दिसली तर ती बहुधा डॅशबोर्डवरच्या सिक्युरिटी दिव्याची उघडझाप.

आकड्याइतकीच त्याची चाल बोलकी असते. ०.४ किंवा ०.८ वर खिळ्यासारखा स्थिर म्हणजे बल्ब. ०.१५ ते ०.२ वर स्थिर म्हणजे बहुतेक रिलेचं कॉइल (रिले हा विजेवर चालणारा स्विच, कॉइल म्हणजे त्याला ओढून धरणारी आतली तारेची गुंडाळी). त्याचा रोध साधारण ७० ते १०० ओहम असतो. ०.०२ वर आला, दोन मिनिटांनी उडी मारून ०.८ झाला, परत पायऱ्या उतरत खाली आला आणि हेच चक्र चालू राहिलं, तर कुणीतरी गाडीला झोपू देत नाहीये: दाराच्या लॅचमधला खराब स्विच, ओबीडी सॉकेटमध्ये (डॅशबोर्डखालच्या, दोष तपासायचं यंत्र जोडायच्या जागी) खोचून ठेवलेलं यंत्र, ओलावा शिरलेला कनेक्टर, किंवा आपल्याच खिशातली चावी. अशा गाडीत स्थिर आकड्याची वाट बघत बसलात तर तो येणारच नाही.

पहिला संशय बाहेरून बसवलेल्या वस्तूंवर

कंपनीने दिलेल्या वायरिंगमध्ये दोष क्वचित असतो असं नाही, पण नंतर कुणीतरी जोडलेली वस्तू आधी बघायची. शोधायला सोपी असते आणि बऱ्याचदा तीच निघते. डॅशकॅमचा पार्किंग मोड दोन-तीनशे मिलिअँपिअर सहज घेतो; त्याला व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की बंद करणारी व्यवस्था नसेल तर बॅटरी बसणारच, त्यात गाडीचा काही दोष नाही. जीपीएस ट्रॅकर, बाहेरून बसवलेलं सेंट्रल लॉक, अलार्म, जास्तीचे दिवे, सगळ्यांच्या वायर कुठून निघतात ते डोळ्यांनी बघा. बॅटरीच्या पॉझिटिव्हवर मूळ केबलशिवाय जी बारीक वायर थेट येते तिचा माग आधी काढा, कारण ती फ्यूज बॉक्समधून जातच नाही.

म्युझिक सिस्टीमचं प्रकरण वेगळं सांगायला हवं. तिला दोन पॉझिटिव्ह लागतात. पिवळी वायर कायम चालू, आठवणीत ठेवलेली स्टेशनं जपण्यासाठी. लाल वायर चावीबरोबर चालू-बंद होणारी. घाईत बसवणारे दोन्ही पिवळीला पिळून टाकतात. सिस्टीमचा पडदा बंद दिसतो, पण आत ती जागीच असते. ॲम्प्लिफायरला चालू करणारी निळी वायर असते, तिचीही हीच गत.

फ्यूज न उपसता फ्यूज तपासणं

फ्यूज काढून आकडा पडतो का बघणं ही सगळ्यांना माहीत असलेली पद्धत. जुन्या गाडीत ती चालते. नव्या गाडीत फ्यूज परत लावताच त्यामागचे मॉड्यूल जागे होतात आणि पुन्हा अर्धा तास थांबावं लागतं. त्यापेक्षा फ्यूज जागेवर ठेवूनच त्याच्या दोन टोकांमधला व्होल्टेज मोजावा. पात्याच्या फ्यूजच्या पाठीवर दोन बारीक उघडे धातूचे ठिपके असतात, ते यासाठीच. फ्यूज म्हणजे शेवटी एक बारीक तार. करंट जात असेल तर तिच्यावर थोडा व्होल्टेज पडतोच, जात नसेल तर शून्य.

मीटर डीसी मिलिव्होल्टवर लावा. दोन पिना एकमेकींना टेकवून खरंच ०.० येतं का बघा. मग फ्यूज बॉक्सच्या एका टोकापासून सुरू करून प्रत्येक फ्यूजच्या ठिपक्यांवर पिना दाबत चला. १० अँपिअरच्या फ्यूजचा रोध सुमारे साडेसात मिलिओहम असतो, त्यामुळे त्यावर ०.१ मिलिव्होल्ट दिसले तर १३ मिलिअँपिअरच्या आसपास, आणि १ मिलिव्होल्ट दिसला तर १३० च्या आसपास जातायत. ३० अँपिअरच्या फ्यूजचा रोध याच्या साधारण चौथा हिस्सा, म्हणून तेवढाच करंट तिथे चौथा हिस्सा मिलिव्होल्ट दाखवतो आणि साध्या मीटरला दिसेनासा होतो. मोठे फ्यूज शून्य दाखवतात म्हणून निर्दोष ठरवू नका. लहानांमध्ये काही सापडलं नाही तर त्यांच्याकडे परत या. गाडीत फ्यूज बॉक्स बहुधा एकाहून जास्त असतात: बॉनेटखाली, डॅशबोर्डखाली, कधी डिकीत, कधी बॅटरीच्या डोक्यावरच.

एका सेकंडहँड गाडीत हे प्रत्यक्ष कसं जमून आलं ते सांगतो. चार-पाच दिवसांत बॅटरी बसायची. गाडी झोपल्यावर मीटर ०.१७ वर ठाम, कणभरही हालचाल नाही. सगळे फ्यूज ०.० किंवा ०.१, आणि आतला दिवा व ऑडिओ यांच्या सामायिक फ्यूजवर १.१ मिलिव्होल्ट. म्हणजे सुमारे १५० मिलिअँपिअर. उरलेले वीस गाडीचे रोजचे. १५० आणि स्थिर म्हटल्यावर कॉइल डोक्यात आलं, पण त्या फ्यूजमागे कंपनीचा कुठलाच रिले नव्हता. सिस्टीम बाहेर ओढली तर मागे काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला एक रिले लटकत होता, हाताला चांगला कोमट. आधीच्या मालकाने कधीतरी ॲम्प्लिफायर बसवला असणार. ॲम्प्लिफायर काढून नेला, रिले राहिला. नंतर नवी सिस्टीम बसवणाऱ्याने रिलेकडे जाणारी निळी वायर पिवळीला पिळून टेप मारून टाकला होता. पीळ सोडवला, रिलेने कट् केलं, मीटर ०.०२ वर. सामायिक फ्यूज असल्यामुळे नुसतं फ्यूजचं नाव वाचून कुणी आतले दिवे शोधत बसलं असतं.

फ्यूज सापडला म्हणजे दोषी सापडला असं नाही, हे यातून दिसतं. एका फ्यूजमागे चार-पाच वस्तू असतात. मॅन्युअलमध्ये किंवा झाकणावर त्यांची यादी असते. एकेक कनेक्टर सोडवत मीटर बघायचा. ग्लव्ह बॉक्सचा दिवा झाकण लावल्यावर विझतो का हे बघायला फोनचा व्हिडिओ चालू करून आत ठेवा. डिकीच्या दिव्यासाठीही तेच. ब्रेक लाइट पेटते राहत असतील तर पेडलच्या वर बघा: स्विचच्या टोकाला टेकणारं छोटं रबरी किंवा प्लास्टिकचं बटण जुनं होऊन चुरा होतं, स्विच भोकातून आरपार जातो आणि पाय काढला तरी दिवे चालूच.

रिलेबाबत एक फरक लक्षात ठेवा. रिले गरम आहे म्हणजे त्याच्या कॉइलला वीज मिळते आहे. चूक रिलेची नाही, त्याला चालू ठेवणाऱ्या स्विचची किंवा मॉड्यूलची आहे. रिले थंड आहे पण त्याच्या पुढची वस्तू चालू आहे, तर आतले पॉइंट चिकटलेले आहेत, तो बदलायचा. उपसताना कट् आवाज आला तर पहिला प्रकार, नाही आला तर दुसरा. इंजिन बंद केल्यावर रेडिएटरचा पंखा काही मिनिटं फिरतो ते मात्र दोषात धरू नका, अनेक गाड्यांत तो मुद्दाम फिरवलेला असतो.

एकही फ्यूज बोलत नसेल तर

बॅटरीवर ०.५ अँपिअर जातोय आणि सगळे फ्यूज गप्प, तर अल्टरनेटर बघा. त्याची जाड वायर बॅटरीला जवळपास थेट येते, लहान फ्यूजमधून जात नाही. आत एसीचं डीसी करणारे डायोड असतात, आणि गाडी बंद असताना करंट उलटा जाऊ नये हेही काम तेच करतात. एखादा डायोड गळायला लागला की चार्जिंग बरं दिसतं आणि रात्रभर बॅटरी मागच्या मागे उतरते. गळती जोरात असेल तर सकाळी इंजिन थंडगार असताना अल्टरनेटर कोमट लागतो.

तपासायला: बॅटरीचा निगेटिव्ह काढा, मग अल्टरनेटरच्या मागची जाड वायर सोडवा, तिच्या टोकाला टेप गुंडाळा, आणि मीटर पुन्हा निगेटिव्हला लावून गाडी झोपू द्या. आकडा पडला तर निदान झालं. वायर सोडलेली असताना इंजिन सुरू करायचं नाही. दुसरा पुरावा इंजिन चालू ठेवून मिळतो: सगळं परत जोडून मीटर एसी व्होल्टवर लावा आणि हेडलाइट चालू असताना बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टहून जास्त एसी दिसला तर डायोडवर संशय पक्का. काही स्वस्त मीटर डीसीलाच एसी समजून भलते आकडे देतात, म्हणून इंजिन बंद असताना आधी एकदा शून्याच्या जवळ येतंय ना ते बघा.

सगळ्यात चिवट प्रकार म्हणजे कधीतरीच होणारी गळती. तासभर मीटर लावलात तर ०.०२, आणि दर दहाव्या दिवशी गाडी मेलेली. इथे बॅटरीवर कायम राहणारा ब्लूटूथ व्होल्टेज नोंदणारा छोटा मॉनिटर कामाला येतो. रात्रभराचा आलेख सरळ रेषेत उतरतोय की एका ठरावीक वेळी कोसळतोय हे दिसलं की प्रश्न बदलतो: त्या वेळी काय झालं? पाऊस? दार नीट न लागलेलं? फोनशी जोडलेल्या गाडीचं मोडेम, तळघरात रेंज शोधत राहिलेलं? काही पेट्रोल गाड्या बंद केल्यावर काही तासांनी इंधनाच्या वाफेची गळती तपासायला आपणहून थोडा वेळ जाग्या होतात, ते मात्र साहजिक आहे.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतही १२ व्होल्टची बॅटरी असते आणि तीही अशीच बसते. वरचं बहुतेक सगळं तिला लागू आहे, पण अल्टरनेटरच्या जागी तिथे मोठ्या बॅटरीतून १२ व्होल्ट बनवणारा कन्व्हर्टर असतो, आणि नारिंगी केबल दिसली की हात मागे घ्यायचा. ते काम प्रशिक्षित माणसाचं.

दुरुस्ती झाल्यावर बॅटरी पुन्हा चार्जरवर पूर्ण भरा आणि मगच नेहमी जितके दिवस उभी असते तितके दिवस गाडी उभी ठेवून व्होल्टेज बघा. वारंवार पूर्ण उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट चढतं आणि तिची क्षमता कायमची घटते, त्यामुळे गळती बंद होऊनही जुनी बॅटरी लवकर बसू शकते. मीटर ०.०३ दाखवत असेल तर दोष तिचाच.

आणि गाडीत काही दोष नसून ती महिनोन्‌महिने उभीच राहणार असेल, तर देखभाल करणारा छोटा चार्जर लावून ठेवा, नाहीतर निगेटिव्ह काढून ठेवा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. घड्याळ, काचांची एका दाबात वर जाण्याची सोय, काही गाड्यांत रेडिओचा कोड हे परत भरावं लागेल. रिमोटही चालणार नाही, तेव्हा लग काढण्याआधी दाराच्या कुलपात घालायची धातूची चावी बाहेर, हातात आहे ना ते बघा. डिकी विजेवर उघडणारी असेल तर बॅटरी डिकीत असलेल्या गाडीत ती बंद करण्याआधी आतून किंवा चावीने उघडायची वाट शोधून ठेवा.